मी व्याह्यांना दंड ठोठावतो

माझी आणि माझ्या होणाऱ्या व्याह्यांची पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना चिवडा खाल्ल्याबद्दल दंड ठोठावला.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल की माणूस मोठा अधिकारी असेल. छे! मी अकोल्याला एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. तिथं शिपाईही माझं ऐकत नाही, घरी कुणीच ऐकत नाही. मी टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं की तो वाढतो. या पार्श्वभूमीवर पुढचा प्रकार समजून घ्यावा, ही विनंती.

आमची मुलगी स्नेहल आणि अमरावतीचा अक्षय हे दोघं एकाच बँकेत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलेलं. आईवडिलांनी फक्त भेटायचं आणि मान डोलवायची, एवढंच शिल्लक होतं. पण कुणी कुणाच्या घरी जायचं? आम्ही अमरावतीला जायचं की त्यांनी अकोल्याला यायचं? शेवटी पोरांनीच तोडगा काढला. मूर्तिजापूरच्या पुढे जुन्या छोट्या गाडीचं एक इंजिन आणि दोन-तीन डबे ठेवून लहानसं रेल्वे संग्रहालय केलंय, तिथं भेटायचं. झाडं आहेत, बाकं आहेत, चहा मिळतो. ना तुमचं घर, ना आमचं!

निघताना स्नेहलनं मला बजावलं, "बाबा, आज थोडं कमी बोलजा."

"मी कुठं बोलतो?" मी म्हणालो आणि त्यानंतर मूर्तिजापूर येईपर्यंत मी कसा कमी बोलतो, हे तिला समजावून सांगितलं.

आम्ही वेळेच्या आधीच पोचलो. प्रवासात स्नेहलच्या केसांचं काहीतरी बिघडलं होतं (मला दिसलं नाही, पण बिघडलं होतं म्हणे), म्हणून ती आणि माझी बायको नंदा आरसा शोधायला गेल्या. जाताना नंदा म्हणाली, "तुमी त्या दुकानात बसा. कशाले हात लावू नका."

दुकान मोठं झकास होतं. एका जुन्या डब्यातच थाटलेलं. चाव्यांच्या रिंगा, इंजिनाचं चित्र असलेले कप, लाल-हिरव्या झेंड्या, शिट्ट्या आणि स्टेशन मास्तरची टोपी! काळी, सोनेरी पट्टीची. शेजारी खुंटीवर पितळी बटणांचा काळा कोट लटकत होता.

"घालून पाहा ना काका," दुकानातली मुलगी म्हणाली. "कोट इकाचा नाही, फोटो काढासाठी ठेवला हाये. टोपी भेटते इकत."

कोट कुण्या सडपातळ स्टेशन मास्तरच्या मापाचा असावा. मी पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि एकेक करून बटणं लावली. टोपी चढवली. गळ्यात एक शिट्टीही अडकवली. आरशात पाहिलं तर काय सांगू! समोर जो माणूस उभा होता, त्याचं ऐकायला मी स्वतः तयार होतो.

फोटो काढायला नंदाला शोधावं म्हणून मी डब्यातून खाली उतरलो. तोच एक गृहस्थ लगबगीनं आले. "साहेब, संडास कुठीसा हाये जी?"

साहेब! मी हात लांब करून दिशा दाखवली. (संडास कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.) ते धन्यवाद देऊन त्या दिशेला धावत गेले. पाठोपाठ एक बाई आल्या. "साहेब, लेकरं इंजिनावर चढली त चालते का?"

"बिलकुल नाही!" मी गरजलो. लेकरं पटापटा खाली उतरली. माझ्या आयुष्यात एका शब्दावर इतकी माणसं कधीच हलली नव्हती. माझ्या अंगात काहीतरी शिरलं. कोट घट्ट होता, त्यामुळे ते बाहेरही पडेना.

आणि तेवढ्यात मला ते जोडपं दिसलं. दुकानासमोरच्या बाकावर मांडी घालून बसलेलं. काकांच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात चिवडा.

"ओ काका! काय चाललंय हे?"

काकांचा घास हातातच राहिला. "चिवडा जी."

"ते दिसते मले! हे संग्रहालय हाये, एसटी स्टँड नाही. डबा बंद करा!"

"शुगर हाये मले साहेब. टायमावर खा लागते थोडं."

"शुगर हाये त चिवडा काहून खाता? दंड होईल दंड! माणशी!"

"किती जी?" काकूंनी घाबरून विचारलं.

"ते वरचे साहेब ठरवतात," मी म्हणालो. काकांनी निमूट डब्याचं झाकण लावलं. इथं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी बाकावर एक पाय ठेवला आणि चौकशी सुरू केली. "इथं काहून बसले?"

"पाव्हन्यांची वाट पाहून राहिलो. पोरगं गाडी लावाले गेलं. पाव्हने आले नाही अजून."

खरं तर इथंच माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. पण डोक्यावर टोपी होती. मी म्हणालो, "काका, एक सांगतो, राग मानू नका. ज्या मानसाले टाइमाची किंमत नाही, त्याच्याशी संबंधच ठेवू नये."

"काय म्हनता!"

"अनुभवाचे बोल हायेत. आज तुमाले बाकावर बसवलं, उद्या डोक्यावर बसतील. तुमच्या जागी मी असतो त उठून घरी गेलो असतो!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पिशवी उचलली. "म्या कवाचं म्हनून राहिली तुमाले," त्या म्हणाल्या, "हे साहेब त बाहेरचे असून बी सांगून राहिले. चला!" आणि ते दोघं खरोखरच फाटकाकडे चालू लागले. माझ्या सल्ल्यानं कुणीतरी काहीतरी केलं, या आनंदात मी त्यांच्याकडे कौतुकानं पाहत राहिलो.

तेवढ्यात मोबाइल वाजला. नंदा. "आहो, ते लोकं आलेत म्हने! अक्षयचा फोन आल्ता स्नेहलले. त्याचे आईबाबा दुकानापुढच्या बाकावर बसून हायेत. तुमी बोलून राहा, आमी आलोच."

मी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. बाकावर दोन शेंगदाणे होते.

"ओ काका! थांबा!" मी ओरडत सुटलो. काकांनी मागे वळून पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. मी आणखी जोरात ओरडलो. ते पळू लागले. शेवटी माझ्या हातून ते झालं जे व्हायला नको होतं. मी शिट्टी वाजवली.

"डबा बंद केला ना जी!" काका धावता धावता ओरडले. "एकच घास खाल्ला होता! इनं त खाल्ला बी नाही!"

माझ्या मागून दुकानातली मुलगी धावत होती. "काका, कोट! कोट इकाचा नाही म्हनलं होतं ना!" म्हणजे पुढे दोन जण दंडाच्या भीतीनं पळतायत, मधे मी, मागे ती. ज्यांना मी इंजिनावरून उतरवलं होतं ती लेकरं हा खेळ पाहून टाळ्या वाजवत होती.

फाटकात अक्षय आडवा आला. "बाबा! काय झालं? काहून पळता?" आणि त्याच क्षणी उजवीकडून, केस व्यवस्थित झालेली स्नेहल आणि नंदा अवतरल्या.

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. टोपी पाहिली. तोंडातली शिट्टी पाहिली.

"बाबा?"

हा शब्द ऐकून काका माझ्याकडे वळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हे," ते धापा टाकत म्हणाले, "हे तुमचे बाबा व्हय?"

मी नमस्कारासाठी हात जोडायला गेलो. कोट इतका घट्ट होता की हात छातीपर्यंत येईनात. दोन्ही हात बाजूला तरंगत राहिले. गाडीला थांबण्याचा इशारा देतोय असं वाटलं असेल. कोट काढायला गेलो तर धावून धावून घामानं तो अंगाला चिकटलेला. शेवटी एक बाही दुकानातल्या मुलीनं ओढली आणि दुसरी माझ्या व्याह्यांनी. आमचा दोघांचा पहिला स्पर्श तो! व्याही उराउरी भेटतात असं ऐकून होतो, इथं एकानं दुसऱ्याला सोलून काढलं.

मग आम्ही सगळे त्याच बाकावर बसलो. काकांची नजर पिशवीतल्या डब्यावरून हलत नव्हती. ते मी पाहिलं आणि मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुगरच्या माणसाला मी घासावरून उठवलं होतं.

"काका, खाऊन घ्या जी आधी," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"दंड?" त्यांनी विचारलं.

"दंड कायचा?" कोटाची घडी घालत दुकानातली मुलगी म्हणाली. "इथं डबा खायाले कोनी मना केलं? लोकं शिदोरी सोडून बसतात!"

काकूंनी डबा उघडला. आधी काकांना दिला, मग माझ्यापुढे केला. मी मूठभर चिवडा घेतला. त्यात मीठ जरा जास्त होतं, पण माझं मत मी गिळलं. स्नेहल खाली मान घालून बसली होती. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही, त्या दिवशी पहिल्यांदाच, खरोखर कमी बोललो. पोरीचं जमलेलं लग्न मी एका टोपीपायी मोडलं, हेच डोक्यात घोळत होतं.

घरी पोचून चहा टाकला तोच अमरावतीहून फोन आला. नंदानं उचलला. "हो जी... हो... काय म्हनता!" आणि तिचा चेहरा असा फुलला की मी खुर्चीतून उठलोच.

"पसंत हाये म्हनतात! अन् लगन याच महिन्यात करा म्हनतात!"

झालं! माझी छाती पुन्हा फुगली. "पाह्यलं?" मी स्नेहलला म्हणालो. "आपली एक छाप पडते मानसावर. उगाच घाई नाही करून राहिले ते!"

नंदानं फोनवर हात ठेवला. "विहीनबाई म्हनतात, पोरगी लय शांत हाये बिचारी. अशा बापाजवळ इतके वर्षं काढले तिनं, आता एक दिवस बी जास्त राहू द्याचं नाही."

मी हळूच खाली बसलो. नंदानं फोन पुन्हा कानाला लावला आणि अगदी गंभीर आवाजात विचारलं, "ताई, तुमच्या घरी माह्यासाठी बी एखांदी खोली हाये का जी?"