वहिनीचं ‘वा!’

माझी वहिनी स्वयंपाक शिकली ती टीव्हीवर. लग्नाआधी तिला चहासुद्धा धड येत नव्हता. हे ती स्वतःच सांगते, म्हणून मी लिहिलं तर नणंदेने उणंदुणं काढलं असं होत नाही. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती शिवणयंत्रावर बसायची. समोरच्या भिंतीवर टीव्ही, आणि मालकिणीला आवड म्हणून त्यावर दिवसभर कुणी ना कुणी रांधत असायचं. पँटी आखूड करता करता वहिनीने अर्ध्या जगाचा स्वयंपाक पाहून घेतला.

टीव्हीवरून काय शिकणार, म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ असतात. त्यांनी वहिनीला काम करताना पाहावं. सगळं चिरून, मोजून वाट्यांत मांडल्याशिवाय ती गॅस पेटवत नाही. चिरताना बोटं आत वळवते. एकीकडे रांधते आणि दुसरीकडे ओटा पुसत जाते. माझा दादा आम्लेट करतो तेव्हा घरात दरोडा पडल्यासारखं दिसतं, हेही इथे नोंदवून ठेवते.

काही खोडी मात्र लागल्या. स्वयंपाकघरात चिटपाखरू नसलं तरी ही मोठ्याने बोलायची, "आता आपण कांदा छान परतून घेऊया." आणि सगळं झालं की चमचाभर तोंडात घालून, डोळे मिटून, मान हलवून म्हणायची, "वा!" तोपर्यंत घास जिभेवर टेकलेलाही नसायचा.

मग दुकान बंद झालं. वहिनीची चाळिशी उलटलेली. दुसऱ्या दुकानातून बोलावणं आलं, पण ती हटून बसली. "आता शिवणार नाही. रांधणार." दादा म्हणाला, कोण ठेवून घेणार तुला? मला तिचं फार वाईट वाटलं.

माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मदतनीस हवी होती. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे चीफ म्हणतात. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. वहिनी टीव्हीवर शिकली हे सांगून मी शब्द टाकला, आणि त्यांनी आठवडाभर बघून ठरवू म्हणून सांगितलं. वाढायच्या खिडकीतून सगळी भटारखान्याची खोली दिसते, म्हणून मी रोज जेवणाच्या सुट्टीत ट्रे घेऊन तिथेच रेंगाळत होते.

पहिल्याच दिवशी चीफनी तिचं चिरणं पाहिलं, वाट्या पाहिल्या, आणि काही बोलले नाहीत. तिथे याला कौतुक म्हणतात. मग त्यांनी टोमॅटो सुपाच्या पातेल्यातून चमचा भरून तिच्यापुढे धरला. "चाखा."

वहिनीने डोळे मिटले. मान हलवली. "वा!"

"मीठ घातलेलं नाही त्यात," चीफ म्हणाले.

भांडी घासणाऱ्यापासून पोळपाटाशी उभ्या बाईपर्यंत सगळे हसले. वहिनी कानापर्यंत लाल झाली. चीफ हसले नाहीत. "बाई, टीव्हीवर वा म्हणायचा पगार मिळतो. इथे चुकलंय म्हणायचा मिळतो. हात चांगला आहे तुमचा. पण जीभ नसेल तर मला उपयोग नाही. परत विचारीन, तेव्हाही हेच आलं तर एप्रन खुंटीला लावून जा."

त्या संध्याकाळी तिने घरी तेच सूप केलं. आम्ही जेवायला बसलो. दादाने फोनवरून नजर न काढता पहिला चमचा गिळला आणि म्हणाला, "झकास!"

"मीठ कसंय?"

"एकदम बेताचं."

"घातलंच नाहीये."

दादा गडबडला. "तेच म्हणतोय मी. बेताचं."

एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही सांगा. माझ्या हातचं आजवर जे खाल्लंत, ते कसं होतं?" मला अहोजाहो करायला लागली की समजावं, थट्टेचे दिवस संपले. मी बटाट्याच्या भाजीची तारीफ करून सुटू पाहिलं. शेवटी तिची लेकच बोलली. "आई, तुझं सगळं दिसायला छान असतं."

वहिनी रडली. चांगलं हुंदके देऊन रडली. मग तोंड धुऊन आली आणि तेच सूप चार वाट्यांत काढून प्रत्येकीत वेगवेगळं मीठ घालून बसली. टीव्ही बंद. चाखायची, पाणी प्यायची, परत चाखायची. तोंडातून शब्द नाही. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मधले दिवस चीफनी तिला विचारलंच नाही. शेवटच्या दिवशी मी खिडकीशी रांगेत उभी असताना त्यांनी चमचा पुढे केला. पुन्हा टोमॅटो सूप. वहिनीने चाखलं. डोळे उघडे. पुन्हा चाखलं.

"मीठ बरोबर आहे. पण तळाला लागलंय."

चीफनी स्वतः चमचा भरला, तोंडात घोळवला. "नाही लागलेलं."

माझं चुकलं असेल, एवढं म्हणाली असती तर त्यांचाही मान राहिला असता आणि नोकरीही पदरात पडली असती. मी खिडकीतून खुणा करत होते. तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"लागलंय, चीफ. करपल्याचा वास येतोय."

चीफनी पोळपाटाशी उभ्या बाईकडे पाहिलं. तिने पीठ मळायला घेतलं, जे आधीच मळून झालेलं होतं. भांडीवाल्याने नळ मोठा सोडला. चीफनी हात घालून नळ बंद केला.

"लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"थोडं," भांडीवाला म्हणाला.

"आजच?"

भांडीवाल्याने मान खाली घातली. वहिनी नवी, तिला काय माहीत? मग चीफ खिडकीपाशी आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. मी तिथे रोज जेवणारी, रोज ट्रे परत देताना छान होतं म्हणणारी. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कधीपासून लागतंय?"

"हिवाळ्यापासून," मी म्हणाले. "अधूनमधून."

त्यांनी सावकाश मान हलवली. "तेव्हाच ताप आला होता मला. वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही असं वाटत होतं."

त्यांनी गॅस बंद केला आणि पातेलं उचलायला वाकले. दुसऱ्या बाजूचा कान वहिनीने धरला, आणि दोघांनी मिळून सगळं सूप मोरीत ओतलं.