ओल्या गाठोड्याचा प्रश्न

"जमतं की. न जमून सांगते कुणाला?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि डॉक्टरबाईंनी ते लगेच टिपून घेतलं होतं.

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिला सगळे इंजिन म्हणत. ओल्या चादरींचं गाठोडं खांद्यावर टाकून ती गच्चीकडे निघाली की जिन्यातली माणसं भिंतीला चिकटून वाट देत. डॉक्टरबाईंकडे तेव्हा परदेशातून आलेली थकव्याची प्रश्नावली होती. तिच्यात विचारलं होतं, अंगणातली हिरवळ कापताना दम लागतो का? इथे कुणाच्या दारात हिरवळ नव्हती. म्हणून बाई आठवडाभर धुलाईखान्यात स्टूल टाकून बसल्या, इंजिनकडे बघत राहिल्या, आणि हिरवळीच्या जागी त्यांनी नवा प्रश्न बसवला: ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दोन जिने चढता येतात का?

"तुमच्यामुळे सुचला हो," बाई म्हणाल्या.

घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, मी छापून आले. तो म्हणाला, "फोटोबिटो आहे का? नाही? मग कसली छापून आलीस!"

पुढे तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना हाडांतलं काहीतरी उपसून घेऊन गेला. गाठोडं उचललं की पोटऱ्यांत शिसं ओतल्यासारखं होई. गच्चीवर पोचली की पाण्याच्या टाकीला पाठ टेकून ती नुसती बसून राही. उतरताना पायऱ्या दिसत नसत. भिंत चाचपत खाली यायची. कुणाला बोलली नाही. गाठोडं वर पोचत होतं, लोकांना तेवढंच दिसत होतं.

मग घड्या घालायच्या टेबलावरची म्हातारी निवृत्त झाली. बसून करायचं काम, जागा एकच. जो खरोखर थकलेला असेल त्याला ती द्यायची, आणि थकलेलं कोण ते बाईंच्या प्रश्नावलीवरून ठरवायचं, असा कार्यालयाचा हुकूम निघाला. इंजिनला ती खुर्ची हवी होती. इतका हवासा तिला नवरासुद्धा कधी वाटला नव्हता.

तिची नणंद तिथेच इस्त्रीवर होती. प्रश्न विचारायला कार्यालयाचा कारकून टेबल टाकून बसला होता; रांगेत ती पुढे. गाठोड्याचा प्रश्न आला तसा तिनं कमरेवर हात ठेवला.

"गाठोडं? अहो, या टेबलापर्यंत आले तीच कशीबशी!"

कारकुनानं हसत 'नाही'वर खूण केली. इंजिनची पाळी आली.

"चढता येतात का दोन जिने?"

ती शब्द जुळवत होती, तोवर कारकूनच पुढे बोलला.

"तुम्हाला काय विचारायचं म्हणा! सकाळीच जिन्यात मला धक्का मारून गेलात."

"गेले खरी, पण..."

"नाही म्हणून टाक की, वहिनी," नणंद बाजूनं म्हणाली. "नाहीतरी इंजिन आता भंगारातच काढायचंय."

रांग खदखदून हसली. इंजिनच्या कानांतून वाफा निघाल्या.

"गप बसा, वन्सं," ती म्हणाली आणि कारकुनाकडे वळली. "येतात. लिहा."

खुर्ची नणंदेला मिळाली. "तुझ्या प्रश्नानं माझं भलं केलं हो," ती घड्या घालता घालता म्हणायची, आणि इंजिन तिच्यासमोरून गाठोडं घेऊन जायची.

एका दुपारी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

"बाई, तो प्रश्न चुकलाय."

बाईंनी तिला बसवलं. तिनं सगळं सांगितलं: टाकी, भिंत, न दिसणाऱ्या पायऱ्या. एवढं ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती.

"म्हणजे चढता येतं, पण नंतर माणूस कोसळतं!" बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "हे आम्ही विचारलंच नाही. पुढच्या आवृत्तीत घालू."

"आणि माझं?"

"तुमचं उत्तर आता बदलता येणार नाही. एकाचं बदललं की सगळ्यांचंच मोजमाप बिघडतं. शिवाय, खरं सांगू? धडधाकट माणूस म्हणजे कसा, ते आम्ही तुमच्यावरूनच धरलंय. तुम्हीच थकलेल्या निघालात तर आमची पट्टीच मोडेल."

बाईंनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"पायऱ्या दिसत नाहीत म्हणजे नेमकं कसं हो? अंधारी येते, की धूसर होतं? तुमच्याच शब्दांत सांगा. सावकाश."

पंखा घरघरत होता. पेन कागदावर टेकवून बाई मायेनं तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

टेबलाच्या कडेवर दोन्ही हात रोवून ती उठली, आणि दार ढकलून बाहेर पडली.