तानुबाईच्या केसांतली गाठ

जळगाव जामोदच्या शिवारात तानुबाई वांगी-मिरची पिकवायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची. भाव करण्यात ती कोणाला हार जात नसे. अशी बाई चार वर्षं एका गाठीला भिऊन राहिली, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

गाठ टाळूच्या मागं होती. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. एकोणीसशे अडुसष्टच्या दिवाळीपर्यंत लिंबाएवढी झाली. डोक्यावरच्या पदरात ती झाकून जायची. तानुबाईची मोठी बहीण छातीतल्या गाठीनं गेली होती. शेवटचे दोन महिने तानुबाईनंच तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं होतं.

एका सकाळी फणी लागून गाठीतून रक्त आलं. ते नवऱ्यानं, शेषरावानं, पाहिलं.

"काऊन सांगतलं नाही मले?"

"सांगून काय होते? माह्या बहिणीनं सांगतलं होतं ना."

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ काढू. तेवढ्यापुरते केस भादरावे लागतील."

तानुबाई ताडकन उठली. कपाळावर कुंकू असताना डोक्याला वस्तरा? तिनं घाबरून शेषरावाकडं पाहिलं. तो म्हणाला, "मी जित्ता उभा हाओ ना समोर. बस तू."

गाठ निघाली, तपासायला नागपूरला गेली. टाके निघाले तरी निकाल येईना. तानुबाईचं जेवण तुटलं. बियाण्याचं वांगं कसं राखायचं, ते ती सुनेला घाईघाईनं शिकवू लागली.

"पुढच्या साली शिकवजा ना, आत्या," सून म्हणाली. "आजच शीक," म्हणत तानुबाईनं वांगं तिच्या हातात कोंबलं.

चौथ्या आठवड्यात कार्ड आलं : निकाल आला आहे, समक्ष यावे. चांगलं असतं तर कार्डावरच लिहिलं असतं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. ती शेषरावासोबत एसटीनं खामगावला गेली.

डॉक्टरीणबाईंनी कागद उघडला. "कॅन्सर नाही. ही केसाच्या मुळाची गाठ. केस ज्या प्रथिनाचा बनतो, तेच तिच्यात भरलेलं आहे. तिथल्या पेशी आपलं केसाचंच काम करत होत्या, फक्त बाहेर वाट नव्हती."

"मंग बलावलं काऊन?" तानुबाईनं विचारलं.

"कार्डावर ट्यूमर लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यानं तुम्हाला काय सांगितलं असतं?"

तानुबाई तिथंच फरशीवर बसली. बहिणीचं नाव घेऊन रडली, अगदी मोठ्यानं, बाहेरच्या बाया डोकावेपर्यंत.

स्टँडवर शेषरावानं चहा घेतला. बशी हातात धरून ती सारखी पदराखाली टाळू चाचपत होती. "आता कायले भेतं?" त्यानं विचारलं.

"जाईल हळूहळू," ती म्हणाली. "चार वर्साचं भेव हाय, एका दिसात थोडीच जाते?"