साबणवाल्याच्या गाडीतला दोर

मी त्याला साबणवाला म्हणतो, नाव कधी विचारलं नाही. बंद कारखान्यातलं लोखंड धुवायचं औषध मुरत मुरत आमच्या विहिरीत उतरलं. म्हणून तो दर मंगळवारी एका नळीनं जमिनीत साबणपाणी सोडतो, दुसरीनं ओढून टाकीत भरतो.

पहिल्याच दिवशी त्यानं विहिरीचा दोर सोडून नेला. माझ्या बायकोनं वळलेला, अंबाडीचा. ती जाऊन महिनाही झाला नव्हता. मी तोंडात येईल ते बोललो. तो मान खाली घालून नुसता "हो बाबाजी" म्हणत राहिला.

मग विहिरीच्या पाण्याला येणारा औषधाचा वास आणखीच वाढला. मी विचारलं, "बिघडवून राहिला का पाणी?"

"भाजी रांधायचा तेलकट गंज घासला तं पहिलं पाणी काळंच निघते, बाबाजी."

परवा वास नव्हता. म्हटलं, "आता दे दोर. तिच्या दोरानं काढलेलं पाणी एकदा पिऊ दे."

त्यानं नळीतून बाटली भरली, हुंगली, झाकण लावलं. "नाकाले समजत नाही. तपासणीचा कागद येऊ द्या."

मग गाडीतलं पोतं उघडून दाखवलं. आत दोर होता, कोरडा, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला.

"तुझ्यापाशीच राहू दे," मी म्हटलं. "घरी नेला तं मी पाणी काढीन."