जॉबर मामांचा ब्लॉग

जॉबर मामा माझ्या सायबर कॅफेत आले की चपला बाहेर काढायचे. टेमघरला माझ्याकडे दिवसभर किती माणसं येत, पण चपला काढणारे ते एकटेच. "मशीनची जागा हाय, पोरी, धूळ नको," म्हणायचे. कोन गावचे हे म्हात्रे. जन्मभर कापड विणायचे लूम दुरुस्त करायचं जॉबरचं काम केलं, म्हणून सगळ्यांचेच जॉबर मामा. काम सुटल्यावर कुणीतरी त्यांच्या कानावर ब्लॉग घातला आणि त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. ते बोलायचे, मी टाईप करायची.

बिस्किटाचा पुडा हलका का झाला, न मागता मोबाईलवर गाणं सुरू होतंच कसं, इस्त्रीची वायर इतकी आखूड का, सगळ्यावर त्यांचं मत ठरलेलं. "गिऱ्हाईक गप बसला की कंपनीचं फावतं," हे तर उठताबसता. लांबलांबची माणसं वाचायची. काही टवाळही निघाले. एकाने लिहिलं, आधी मराठी शिका, मग कंपन्यांना शिकवा. मामा दोन दिवस आले नाहीत. माझा संताप झाला. मी गुपचूप अशी सोय केली की प्रत्येक प्रतिक्रिया आधी मला दिसेल आणि मी सोडली तरच पुढे जाईल. मामांना सांगितलं नाही. मोठी शहाणी मी.

मामींना साखरेचा आजार, दोन वेळा इन्सुलिन. त्यासाठीच घरात फ्रीज आला. मामींनी त्याची पूजा केली, गॅरंटीचं कार्डही देवापुढे ठेवून त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तीन महिन्यांत फ्रीज बिघडला, आत ठेवलेलं सगळं गोठायला लागलं. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने कार्ड उजेडात धरलं. नंबर आणि तारीख कुंकवाखाली गेलेली. "चाचा, नंबर दिखताच नहीं, मैं क्या करूँ?" दुकानदारानेही हात वर केले. मामा चार वेळा जाऊन आले.

"तुम्हीच खोला ना मामा, लूम खोलायचात तसा," मी म्हटलं.

"खोलला तर गॅरंटी जाईल. मग आपनच खोटे ठरू. न्हाय, कागदावर लिवलंय तसंच होऊ दे."

त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं टाईप केलं. दुधाचा दगड होतो. हिची इंजेक्शनची बाटलीपन गोठते. मुठीत धरून वितळवतो, मग टोचतो. साखर काय उतरत न्हाय. कुनाला काय म्हाईत असेल तर सांगा.

दुसऱ्याच दिवशी मी बहिणीच्या लग्नाला खारबावला गेले. नऊ दिवस कॅफेला कुलूप. परत आले तेव्हा मामी गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी डोस वाढवला होता, पण बाटली कशी ठेवता हे ना त्यांनी विचारलं, ना मामांनी सांगितलं. शेवटी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

मग मी ब्लॉग उघडला. अडकून पडलेली एकच प्रतिक्रिया होती, कुणा अनोळखी बाईची. "काका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. फेकून द्या, आजच नवीन आणा." मामांनी लिहिलं त्याच संध्याकाळी आलेली. खोडून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. तसं मनात आलंही, खोटं कशाला बोलू.

तेराव्यानंतर मामा आले तेव्हा मी त्यांना ती दाखवली. अक्षरावर बोट ठेवत त्यांनी दोनदा वाचली.

"ही कवा आली?"

"तुम्ही लिहिलंत त्याच दिवशी. मी अडवून ठेवली होती, मामा. लोक तुम्हाला वाईट बोलू नयेत म्हणून."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर मी हललेही नसते.

"सोड ती," ते म्हणाले. "आजपन कुनाच्या तरी घरी गोठत असेल."

मी ती सोडली. ते उठले आणि गेले, पुन्हा कधी आले नाहीत. मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला आजवर सोसत नाही.