गादीला निरोप

कोणी काही नवीन करताना दिसलं की ते आधी चपला काढायचे. मग समोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "मी अडाणी हाय. मला शिकवा." समोर वड्याची गाडी असो की खड्डा खणणारा जेसीबी, चपला निघायच्याच. जेसीबीवाल्याने तर घाबरून यंत्र बंद केलं. त्याला वाटलं, हे गृहस्थ उपोषणाला बसले.

कुंभिवलीला हायवेलगत आमचा गाद्यांचा कारखाना. मी गोदाम सांभाळायचो, ते मार्केटिंग. वय अठ्ठावन्न, शिक्षण चालू. आम्ही त्यांना 'विद्यार्थी' म्हणायचो. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा नमुना असेल, पण आमचा पहिल्या नंबरचा होता, पैज लावतो.

एकदा खालापुरात न्हाव्याच्या दुकानात तीन दिवस बसून आले. शिकलात काय, विचारलं तर म्हणाले, "मानेवर वस्तरा असला की गिऱ्हाईक वाद घालत नाय." दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाईकाला आधी गादीवर आडवं करू लागले आणि मगच भाव सांगू लागले. हसू नका, खप वाढला. एक जण तर घोरायलाच लागला. त्याला उठवलं नाही, वर पांघरूण घातलं. जाग आल्यावर त्याने दोन गाद्या नेल्या.

शेठना हे थेर पसंत नव्हते. "माल विका हो, शाळा कसली भरवता?" पुढे मंदी आली, तेव्हा त्यांनी यांच्या जागी मुंबईचा एक लॅपटॉपवाला हेरून ठेवला आणि यांना बजावलं, "दिवाळीपर्यंत गोदाम रिकामं करा, नाहीतर घरी बसा."

घरी बसायला ते फार भ्यायचे. बायको गेल्यापासून घरात शिकवणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि या माणसाने केलं काय? कर्जतला बायकांच्या शिवणक्लासात नाव घातलं! मी कपाळावर हात मारला. "अहो, नोकरी चाललीय तुमची!"

"म्हनून तर चाललोय. गादी कवा घ्यायची ते घरात कोन ठरवतं? त्यांच्यात नको बसायला?"

पंधरा दिवसांनी ते एक वाकडं झबलं आणि एक शोध घेऊन परतले. नवी गादी सगळ्यांनाच हवी होती, पण जुनी टाकायची कशी? लग्नात आईने दिलेली, जिच्यावर पोरं वाढली, ती उकिरड्यावर फेकायला कोणाचा हात धजावेना.

झालं! दारावर पाटी लागली : 'जुनी गादी आणा. मानाने निरोप देऊ.' आपण केरसुणीलाही पाय लागला तर नमस्कार करतो, तिथे गादीचं काय विचारता! लोक टेंपो भरभरून आले. विद्यार्थी स्वतः प्रत्येक गादीला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. एका काकूंनी गादीच्या कोपऱ्यावर दही ठेवलं. "लांब जायचंय तिला," म्हणाल्या. एका म्हाताऱ्याने तर रुसलेल्या मेव्हण्याला त्याच्याच आईने लग्नात दिलेल्या गादीच्या पाया पडायला लावलं. दोघं जागेवरच रडले आणि एकेक नवी गादी घेऊन गेले.

दिवाळीपर्यंत नवा माल संपला. गोदाम मात्र जुन्या गाद्यांनी आढ्यापर्यंत भरलं.

"याला रिकामं म्हणतात?" शेठ ओरडले.

"शेठ, मी आता कापूस पिंजायला शिकतो."

नोकरी राहिली.

यंदा उन्हाळ्यात आमचे विद्यार्थी गेले. सकाळी चहा पिता पिता, कोणाला काही कळायच्या आत. मला अजून कोणी चपला काढल्या की भरून येतं.

तेराव्यानंतर त्यांची सून टेंपो घेऊन कारखान्यात आली. आत एक जुनी, पापडासारखी चपटी झालेली गादी. जन्मभर गाद्या विकल्या, पण स्वतः नवी घेतली नव्हती.

"सासूबाईंची हाय," ती म्हणाली. "मामांना टाकवली नाय. हितंच न्या म्हनायचे."

आम्ही ती उतरवली आणि भोवती नुसते उभे राहिलो. हळदकुंकू होतं, नारळ होता, पण आधी काय आणि मग काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते सगळं विद्यार्थीच करायचे.

तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले. गादीकडे बघत राहिले. मग बूट काढून त्या सुनेसमोर खाली मांडी घालून बसले.

"ताई, मी अडाणी आहे," ते म्हणाले. "मला शिकवा."