मोबाईल नंबर आवश्यक

ज्ञानेश्वरीला कुणी "तुला येतं काय गं?" असं विचारलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. शनिशिंगणापुरात तेल-फुलांच्या दुकानावर बसणारी ही सून. सकाळी उठून रुईच्या माळा ओवायच्या, बाटल्यांत तेल भरायचं, दर्शनाला निघालेल्यांच्या चपला-पिशव्या सांभाळायच्या, असा तिचा दिवस. अशा बाईला वेबसाईट बनवता येते हे गावाच्या पचनीच पडेना. नवरा अजिनाथ मात्र साधा. "कर की, कोन नको म्हनतंय," म्हणायचा आणि गिऱ्हाइकाकडे वळायचा. तेवढ्या पाठबळावर ती सोनईच्या क्लासला गेली, शिकली आणि गावातल्या सेवा मंडळाची वेबसाईट तिने एकटीने उभी केली. मोबदला म्हणून नारळ आणि शाल मिळाली. शालही आधी कुणाच्या तरी अंगावर पडून आलेली, घडी मोडलेली!

मंडळाचं मोठं काम म्हणजे गर्दीत हरवलेल्यांची गाठ घालून देणं. अमावस्येला गावात पाय ठेवायला जागा नसते. पोरं हरवतात, म्हाताऱ्या हरवतात, चांगले धडधाकट मेहुणे हरवतात. त्यासाठी ज्ञानेश्वरीने साईटवर एक फॉर्म केला होता. पूर्वी असा फॉर्म बाहेरून कुठून तरी उसना आणून साईटला चिकटवावा लागे, तो मोबाईलवर अर्धाच दिसे आणि वर जाहिराती नाचत. पुढे ज्यात मजकूर लिहायचा त्या एडिटरमध्येच सोय आली. अधिकचं चिन्ह दाबा, 'संपर्क फॉर्म' निवडा, रकाने समोर हजर. नको तो काढा, हवा तो घाला. तिला तर पोळ्या लाटण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

तिने तीनच रकाने ठेवले : नाव, मोबाईल, निरोप. मंडळाचा अध्यक्ष भागवत, त्याचं यावर समाधान होईना.

"वहिनी, वय घ्या, आधार घ्या, रक्तगट घ्या."

"रक्तगट कशाला भाऊजी? माणूस हरवलंय, जखमी न्हाई झालं. लांबलचक फॉर्म बघितला की लोक भितात."

तिचं खरंच होतं. पण मग टवाळ पोरांनी "माझी अक्कल हरवली आहे, सापडल्यास कळवा" असले निरोप पाठवायला सुरुवात केली आणि भागवत पेटला. तेव्हा ज्ञानेश्वरीने मोबाईलच्या रकान्यापुढचं 'आवश्यक' हे बटण चालू केलं. तिथे लाल चांदणी उमटली. आता नंबर टाकल्याशिवाय फॉर्म जागचा हलत नसे. टवाळी थांबली, आणि बाई स्वतःवर खूश झाली.

यंदाची शनिजयंती वैशाखाच्या भर उन्हात आली. ज्ञानेश्वरी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या मांडवात बसली होती. समोर रांग, कानाशी भोंगा, पाठीमागे पाण्याच्या टाकीवर भांडणं. त्यात एक म्हातारा टेबलाशी आला. अंगात बंडी, कपाळावर घाम, पाय अनवाणी. अनवाणी तर निम्मी जत्रा असते. बरेच जण पीडा इथेच सुटावी म्हणून चपला मुद्दाम टाकून जातात, त्यामुळे कुणाच्या पायांकडे कुणी बघत नाही.

"बाई, आमची कारभारीन हरवली. डोसक्यानं जरा इसराळू झालीय वो ती."

"नाव सांगा बाबा."

"तिचं गोजरबाई. माझं बिभीषण. जामखेडकडून आलोत आमी."

"मोबाईल नंबर?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून नंबर घडाघडा म्हटला. एका दमात, न अडखळता. ज्ञानेश्वरीला कौतुक वाटलं, नाहीतर लोक नंबर शोधता शोधता सगळी रांग तुंबवतात. तिने निरोपात 'पत्नी गोजरबाई हरवल्या आहेत' असं लिहिलं आणि 'पाठवा' दाबलं. पडद्यावर तिनेच रचलेलं वाक्य आलं, ते तिने त्याला वाचून दाखवलं : "माहिती मिळाली. लवकरच फोन येईल."

"यील ना?"

"येईल बाबा. निर्धास्त राहा. पुढचे कोण?"

म्हाताऱ्याने हात जोडले आणि तो गर्दीत मिसळला. दुसऱ्या क्षणी ज्ञानेश्वरी त्याला विसरलीही. रांगच तेवढी होती.

दुपार कलल्यावर दोन बाया एका म्हातारीला धरून घेऊन आल्या. पार्किंगच्या टोकाला एका टेम्पोच्या सावलीत बसलेली सापडली म्हणाल्या. अंगावर हिरवं लुगडं, पोटाशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. नाव विचारलं तर आधी सांगेना. पाणी प्याली, गुळाचा खडा चघळला आणि मग म्हणाली, "गोजर."

ज्ञानेश्वरीची कळी खुलली. पडद्यावर नावं शोधली, बिभीषणची नोंद निघाली. "बघा, हे असं काम असतं!" असं भागवतला ऐकवत तिने नंबर लावला.

फोन वाजला. म्हातारीच्या पोटाशी, पिशवीत वाजला.

गोजरबाईने सावकाश पिशवीची नाडी सोडली, फोन काढला, कानाला लावला आणि समोर बसलेल्या ज्ञानेश्वरीकडे बघत म्हणाली, "हालू. कोन बोलतंय?"

मांडवातली पोरं खो-खो हसली. भागवतही हसला. ज्ञानेश्वरीने मात्र पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. त्या घरात फोन एकच होता. दर्शनाआधी अंघोळीला जाताना म्हाताऱ्याने तो बायकोच्या पिशवीत टाकला असणार. त्याला पाठ असलेला नंबर तोच एक, आणि तिच्या फॉर्मला नंबर पाहिजेच होता. त्याने दिला, तिने टिपला. आता बायको सापडली, तर नवऱ्याला गाठायचं कुठे? त्या नोंदीत त्याच्याबद्दल दुसरं अक्षर नव्हतं. तो मांडवात आला तेव्हाच तिने हा नंबर फिरवून बघितला असता तरी भागलं असतं.

भोंग्यावर पुकारा सुरू झाला, "जामखेडचे बिभीषण जिथं असतील तिथून मंडळाच्या मांडवात या." पण दर दुकानासमोर आरतीची कॅसेट, त्यात कुणाचं कोण ऐकणार? गोजरबाई दर थोड्या वेळाने विचारी, "ह्ये कुटं गेलं?" आणि सांगितलेलं विसरून पुन्हा तेच विचारी. तिच्या तळव्यांना चटके बसून ते लालबुंद झाले होते.

ते तळवे बघितले आणि ज्ञानेश्वरीने कपाळावर हात मारून घेतला. अगं बये! जन्म गेला चपला सांभाळण्यात आणि हे सुचू नये? शिंगणापुरात आलेलं माणूस आधी कुठे जातं, तर तेलाच्या दुकानात. तिथेच चपला काढतं, आणि कितीही भरकटलं तरी चपलांपाशी परत येतं. चुकामूक झालीच तर चपलांपाशी भेटायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'चपला कुठे काढल्या?' एवढा एक रकाना पुरला असता, आणि तिने मागितला होता मोबाईल नंबर!

तिने गोजरबाईला हाताला धरलं आणि दुकानामागून दुकान धुंडाळलं. कुठल्या दुकानात आलो होतो ते म्हातारीला सांगता येईना. पण एका दुकानाशी ती थबकली आणि फळीखाली वाकून पुरुषी चपलांच्या जोडावर तिने बोट ठेवलं. "ह्यांच्या." अंगठ्याला तारेचा टाका घातलेल्या चपला होत्या त्या. मांडवापासून चार दुकानं पलीकडे, बस्स!

गल्ल्यावर लंकाबाई होती. ती म्हणाली, "आगं, इथंच बसून हुता की म्हातारा. बाईंनी फोन लावलाय म्हनला, तिला फोन गेला की ती हितं यील म्हनला. लई वाट बघितली बिचाऱ्यानं. मग उठला आन् तिच्या चपला घिऊन गेला. म्हनला, तिचं पाय भाजत असतील. घोडेगावच्या फाट्याकडं बघून येतो, तितंच उतरलो हुतो."

"आणि स्वतःच्या?"

"त्या ह्या काय. मी हाक मारली, पर त्याचं ध्यानच नव्हतं."

ज्ञानेश्वरीला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. वैशाखातला डांबरी रस्ता म्हणजे तापलेला तवा, आणि हा म्हातारा त्यावरून अनवाणी चाललेला, हातात बायकोच्या चपला. वाटेत हजार माणसांनी त्याला बघितलं असेल आणि एकानेही विचारलं नसेल. तिने अजिनाथला मोटारसायकल काढायला लावली. "असतील तिथून घेऊन या, तसेच परत येऊ नका," एवढंच तिला बोलता आलं.

मग वाट बघणं आलं. भागवत समजूत घालत होता, "वहिनी, तुमचं काय चुकलं? फॉर्ममध्ये जे होतं ते तुम्ही भरलं." ती त्याच्यावर खेकसली, "फॉर्म कुणी केला होता मग?" एखादी गाडी थांबली की ती उठायची, आणि दुसरंच कुणी उतरलं की बसायची. भलतंसलतं मनात येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होती.

दिवेलागणीला अजिनाथ आला. मागे बिभीषण बसला होता, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एसटीत डोकावून बघत उभा होता म्हणे. त्याला खाली उतरवला तर पाय टेकवता येईनात. तळव्यांना फोड येऊन ते फुटले होते. तरी तो तसाच गोजरबाईपुढे बसला आणि काखेतल्या चपला काढून त्याने तिच्या पायांत घातल्या.

"कुटं गेल्ता?" ती रागावून म्हणाली.

"हितंच हुतो की."

ज्ञानेश्वरी पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन त्याच्या पायांशी बसली आणि तळव्यांवर हळूहळू पाणी सोडू लागली. भागवतने मोबाईल काढला. वेबसाईटमुळे म्हातारा-म्हातारीची गाठ पडली असं लिहून फोटो साईटवर टाकायचा त्याचा बेत होता. "बाबा, जरा इकडं बघा. वहिनी, तुम्ही पण."

बिभीषणने फोटोसाठी हात जोडले, ते मात्र ज्ञानेश्वरीकडे बघून. "ह्या बाईंनी फारम भरला म्हनून गावली आमची म्हातारी. देवानं भलं करावं तुमचं."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "म्हातारी दुपारीच गावली होती. फॉर्म भरला म्हणून तुम्ही हरवलात. फोन तुमच्याजवळ आहे का, एवढं मी तुम्हाला विचारलंच नाही."

भागवतने मोबाईल खाली घेतला. ती काय म्हणते आहे ते म्हाताऱ्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

"मी बी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्या यंत्राला ठावं असंल."

ते तो रागाने बोलला नव्हता, आणि ज्ञानेश्वरीला तेच सोसेना. हातातला तांब्या तसाच धरून, सगळ्या मांडवादेखत ती रडत बसली.